कोऱ्या चौकटीची भाषा

एकच घटना दोन वर्तमानपत्रांतून वाचावी आणि ती दोन निरनिराळ्या देशांत घडली असावी असे वाटावे, हा अनुभव महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना नवा नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वर्षानुवर्षे दोन पत्रे येत आली. एक गावच्या भाषेतले, म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी, बडोद्याला गुजराती, बेळगावच्या बाजूला कानडी, हैदराबादेत उर्दू किंवा तेलुगू. आणि दुसरे मुंबई-पुण्याहून रेल्वेने वा टपालाने, कधी एक तर कधी दोन दिवस शिळे होऊन येणारे मराठी. सकाळच्या चहाबरोबर पहिले आणि दुपारच्या वामकुक्षीपूर्वी दुसरे, असा क्रम लागला की माणूस नकळत तुलना करू लागतो. एकात पहिल्या पानावर असलेली बातमी दुसऱ्यात पाचव्या पानावर का गेली, एकाने मंत्र्याचे भाषण दोन रकाने दिले आणि दुसऱ्याने चार ओळींत का आटोपले, असे प्रश्न ज्याच्या घरी एकच पत्र येते त्याला सहसा पडत नाहीत.

शांततेच्या काळात ही तुलना करमणुकीची असते. राष्ट्रावर मोठे संकट ओढवले म्हणजे मात्र तिला निराळेच मोल येते. स्वतंत्र भारताच्या इतिहासात वर्तमानपत्रांची अशी परीक्षा पाहणारा काळ म्हणजे २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ हे आणीबाणीचे एकवीस महिने. त्या वेळी जे प्रौढ होते त्यांना तो काळ आठवत असेल. जे नंतर जन्मले त्यांनी त्याविषयी ऐकले असेल. परंतु त्या काळात कोणत्या पत्राने काय छापले आणि काय छापले नाही, हे एकत्र मांडून पाहिले म्हणजे ते चित्र आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे निघते.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीतून झालेली निवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी २४ जूनला त्या निकालाला सशर्त स्थगिती दिली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची प्रचंड सभा झाली आणि त्याच रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. येथवर वर्तमानपत्रे मोकळी होती, आणि त्यांतली मते परस्परविरुद्ध होती. पंतप्रधानांनी राजीनामा द्यावा असे म्हणणारी होती, अंतिम निकाल लागेपर्यंत थांबावे असेही म्हणणारी होती. लोकशाही देशात जसे असावे तसेच ते होते.

त्या रात्री पहिला घाव पडला तो अगदी साध्या मार्गाने. दिल्लीतील बहुतेक मोठ्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या व छापखाने बहादूरशहा जफर मार्गावर होते. त्या भागाची वीजच तोडण्यात आली. यंत्रे थांबली आणि पुष्कळ पत्रांचे अंक निघू शकले नाहीत. 'स्टेट्समन' व 'हिंदुस्थान टाइम्स' यांच्या इमारती शहराच्या निराळ्या भागात होत्या, तेथली वीज निराळ्या संस्थेकडून येत होती. म्हणून त्यांचे अंक छापून झाले. राष्ट्रीय संकटाच्या पहिल्या सकाळी कोणत्या वाचकाला बातमी मिळावी आणि कोणाला मिळू नये, हे संपादकांच्या धैर्यावर नव्हे, तर विजेच्या तारा कोठून गेल्या होत्या यावर ठरले! सकाळी आकाशवाणीवरून पंतप्रधानांचे भाषण झाले, तेव्हा पुष्कळांच्या हातात वर्तमानपत्र नव्हतेच.

प्रसिद्धिपूर्व तपासणीचा हुकूम २६ जूनला निघाला. दोनच दिवसांत माहितीमंत्री इंद्रकुमार गुजराल यांच्या जागी विद्याचरण शुक्ल आले. यापुढे अटकांविषयी, आंदोलनांविषयी, परिस्थितीविषयी जे काही छापायचे ते आधी सेन्सॉर अधिकाऱ्याला दाखवायचे आणि त्याचा शिक्का उमटल्यावरच यंत्रावर चढवायचे.

आता पत्रांनी काय केले ते पाहू. २८ जूनच्या अंकात दिल्लीच्या 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. 'स्टेट्समन'नेही सेन्सॉरने कापलेला मजकूर वगळून तेवढी जागा तशीच ठेवली. 'फायनॅन्शियल एक्स्प्रेस' हे व्यापारी जगाचे पत्र; त्याने अग्रलेखाच्या ठिकाणी रवींद्रनाथांची 'गीतांजली'तली, मन जेथे निर्भय असते अशा देशाची प्रार्थना करणारी कविता छापली. इंदूरच्या 'नई दुनिया'ने आपला अग्रलेख कोरा ठेवला. 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते हे इंदूरच्या मराठी मंडळींना परके नव्हते. ते त्यांच्यातलेच एक होते, कुमार गंधर्वांच्या मित्रमंडळातले. राजेंद्र माथुर हे त्यांचे तरुण सहकारी. आपण नेहमी दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी पत्रांचे धैर्य वाखाणतो; माळव्यातल्या एका हिंदी पत्राने तीच गोष्ट केली, हे सांगायचे मात्र राहून जाते.

कोऱ्या चौकटीचा अर्थ सामान्य वाचकाला चटकन कळला. तो सेन्सॉरलाही कळला. थोड्याच दिवसांत सूचना आल्या की कोरी जागा सोडता येणार नाही, आणि थोरामोठ्यांची वचने अशा रीतीने छापता येणार नाहीत की ज्यातून सद्यःस्थितीवर टीका सूचित होईल. गांधीजींची आणि रवींद्रनाथांची वाक्ये या देशात सेन्सॉरच्या लेखणीखाली यावीत, यापेक्षा अधिक काही बोलण्याची जरूर नाही.

त्याच २८ तारखेला मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त निधनवार्तांच्या रकान्यात एक छोटी जाहिरात आली. 'डी. ई. एम. डी'ऑक्रसी' नावाचे कोणी गृहस्थ २६ जून रोजी वारल्याचे तीत म्हटले होते. पत्नीचे नाव टी. रूथ, मुलाचे नाव एल. आय. बर्टी, आणि मागे श्रद्धा, आशा व न्याय या अर्थांच्या नावांची भावंडे. नावे जोडून वाचली की लोकशाही, सत्य आणि स्वातंत्र्य हे इंग्रजी शब्द तयार होत. दाराशी बसलेल्या कारकुनाने ती गोव्या-वसईकडच्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाची दुःखद वार्ता समजून घेतली असेल! अशोक महादेवन या पत्रकाराने ती दिली होती, हे पुढे प्रसिद्ध झाले. पहिल्या पानावर जे छापता येत नव्हते ते त्या दिवशी शेवटच्या एका रकान्याने छापले.

हे सारे पहिल्या आठवड्यातले. त्यानंतरची कहाणी इतकी तेजस्वी नाही. बहुसंख्य दैनिके हळूहळू, काही तर फारच लवकर, नव्या रीतीला सरावली. वीस कलमी कार्यक्रमाच्या बातम्या, वेळेवर धावणाऱ्या गाड्या, कचेऱ्यांत वेळेवर येणारे कारकून, साठेबाजांवर धाडी, संपाविना चालणारे कारखाने यांनी पाने भरू लागली. यातले सर्व खोटे होते असे नव्हे. गाड्या खरोखर वेळेवर येत होत्या. आपल्यापैकी अनेकांनी त्यांतून प्रवास केला. पण अर्धे सत्य पुन्हा पुन्हा छापले की ते पूर्ण सत्यासारखे दिसू लागते. 'इलस्ट्रेटेड वीकली'चे संपादक खुशवंतसिंग यांनी तर आणीबाणीला उघड पाठिंबा दिला आणि तो नंतरही लपवला नाही. त्यांच्या मताशी आपण सहमत नसू, पण मनात एक आणि लेखणीत एक अशा संपादकांपेक्षा त्यांची बाजू अधिक सरळ होती असे मला वाटते. मद्रासच्या 'हिंदू'ने आपला जुना संयमित स्वर सोडला नाही. मात्र त्या संयमात विरोध शोधावा लागे. टीका करणाऱ्या बी. जी. वर्गीस यांना 'हिंदुस्थान टाइम्स'च्या मालकांनी १९७५ मध्येच संपादकपदावरून दूर केले.

याचे कारण केवळ भित्रेपणा म्हणून सोडून देता येणार नाही. मोठे दैनिक म्हणजे शेकडो माणसांचा संसार. कागदाचा कोटा सरकारच्या हाती, जाहिरातींचा मोठा वाटा सरकारी, बँकेचे कर्ज राष्ट्रीयीकृत बँकांचे, आणि मालकाचे इतर धंदे ताग, कापड, सिमेंट अशा परवान्यांवर चालणारे. १९७७ साली जनता सरकारने प्रसारमाध्यमांच्या गैरवापराविषयी श्वेतपत्रिका काढली. पत्रांची मित्र, तटस्थ आणि विरोधी अशी वर्गवारी करून सरकारी जाहिराती वाटल्या जात होत्या, हे तिच्यातून उघड झाले. 'एक्स्प्रेस'ला या सर्व बाजूंनी घेरण्यात आले: सरकारी जाहिराती बंद, कर्जाची अडवणूक, संचालक मंडळात फेरबदल, संपादक मुळगावकर यांना जावे लागले, आणि १९७६ मध्ये छापखान्याची वीजही तोडण्यात आली. रामनाथ गोएंका हे व्यवहारी मारवाडी गृहस्थ. ते न्यायालयात गेले आणि टिकले. 'स्टेट्समन'च्या सी. आर. इराणी यांचे पारपत्र काढून घेण्यात आले. बाकीच्या मालकांनी या दोघांकडे पाहिले आणि आपला हिशेब केला. लालकृष्ण अडवाणी पुढे माहितीमंत्री झाल्यावर पत्रकारांना म्हणाले की तुम्हांला वाकायला सांगितले होते, तुम्ही रांगू लागलात. ते वाक्य फार गाजले. मला ते खरे पण अपुरे वाटते. कारण रांगणाऱ्यांच्या पाठीवर कोणते ओझे होते, ते त्यात येत नाही.

ओझे नसलेले लोक कोण होते? ज्यांच्याजवळ गमावण्यासारखे फारसे नव्हते ते, म्हणजे लहान नियतकालिके. खरी लढाई येथे झाली, आणि तिचा एक मोठा भाग आपल्या माणसांच्या आसपास झाला. बडोद्याहून निघणारे 'भूमिपुत्र' हे गुजरातच्या सर्वोदय चळवळीचे पत्र. चुनीभाई वैद्य त्याचे संपादक. ऑक्टोबर १९७५ मध्ये अहमदाबादेत नागरी स्वातंत्र्यासाठी एक परिषद भरली. तीत छागला, जे. सी. शाह, तारकुंडे अशी न्यायक्षेत्रातली नामवंत माणसे बोलली. 'भूमिपुत्र'ने त्या भाषणांचा वृत्तान्त छापला. सेन्सॉरने कारवाई केली, आणि चुनीभाई गुजरात उच्च न्यायालयात गेले. १९७६ मध्ये न्यायमूर्ती जे. बी. मेहता व एस. एच. शेठ यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सेन्सॉरच्या मार्गदर्शक सूचना कायद्याच्या मर्यादा ओलांडणाऱ्या आहेत, असे न्यायालयाने ठरवले. गंमत अशी की सेन्सॉरविरुद्धचे निकालही सेन्सॉरच्या कक्षेतच येत. त्यामुळे बडोद्याच्या एका पत्राने देशातल्या साऱ्या वर्तमानपत्रांसाठी मिळवलेला हा विजय त्या वर्तमानपत्रांच्या वाचकांना तेव्हा नीटसा कळलाच नाही.

मुंबईत मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकाचे अकरा लेख व मजकूर सेन्सॉरने अडवले. मसानी न्यायालयात गेले. एकल न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि सरकारच्या अपिलावर १० फेब्रुवारी १९७६ रोजी न्यायमूर्ती मादन व कानिया यांच्या खंडपीठानेही तो कायम ठेवला. सर्व वृत्तपत्रांनी एकच सूर लावावा हे पाहणे सेन्सॉरचे काम नव्हे, आणि सरकारच्या धोरणाशी शांततेने मतभेद व्यक्त करणे हा गुन्हा नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. आणीबाणी चालू असताना, अनेक न्यायाधीशांच्या बदल्या होत असताना हे लिहिले गेले, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या ज्या दोघा न्यायमूर्तींनी निर्णय दिला, त्यांपैकी रंगराजन यांची गुवाहाटीला बदली झाली आणि अगरवाल यांना पुन्हा सत्र न्यायाधीश व्हावे लागले.

पुण्याचे 'साधना' साने गुरुजींनी १९४८ च्या १५ ऑगस्टला सुरू केलेले. यदुनाथ थत्ते संपादक होते. 'साधना'च्या अंकांवर आणि छापखान्यावर कारवाई झाली, उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली, पण साप्ताहिक नमले नाही. राजमोहन गांधींच्या 'हिम्मत'चे काम करायला छापखाने कचरू लागले, तेव्हा वाचकांनी वर्गणी जमवून यंत्र घेऊन दिले. ए. डी. गोरवाला हे निवृत्त आय.सी.एस. अधिकारी, 'ओपिनियन' हे त्यांचे लहानसे पत्र बंदी येईपर्यंत त्यांनी चालवले. रोमेश थापर यांच्या 'सेमिनार'ला जुलै १९७६ मध्ये मजकूर आधी दाखवण्याचा हुकूम आला तेव्हा त्यांनी मासिकच थांबवले. व्यंगचित्रांचे 'शंकर्स वीकली' तर ३१ ऑगस्ट १९७५ लाच बंद झाले होते. हुकूमशाहीला हसणे परवडत नाही, असे शंकर यांनी निरोपाच्या लेखात सुचवले. तरीही त्याच वर्षीच्या डिसेंबरात अबू अब्राहम यांचे एक व्यंगचित्र 'एक्स्प्रेस'मध्ये छापून आले. राष्ट्रपती टबात आंघोळ करीत बसले आहेत आणि तिथूनच हात लांबवून वटहुकमावर सही करून देत आहेत, असे ते चित्र. ते सेन्सॉरच्या हातून सुटले कसे, हे कोडेच आहे. रात्रपाळीचा अधिकारी पेंगुळला असेल, किंवा हसला असेल.

सरकारने ढाचाच बदलायचे ठरवले होते. डिसेंबर १९७५ मध्ये आक्षेपार्ह मजकुराविरुद्धचा वटहुकूम आला. फिरोझ गांधींच्या प्रयत्नाने १९५६ साली झालेला, संसदेतील कामकाजाचे वृत्त छापण्यास संरक्षण देणारा कायदा रद्द झाला. तो त्यांच्याच पत्नीच्या सरकारने रद्द केला, हा इतिहासातला एक करुण विनोद. वृत्तपत्र परिषद मोडीत निघाली. आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये पी.टी.आय., यू.एन.आय., हिंदुस्थान समाचार व समाचार भारती या चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' ही एकच संस्था झाली. सामान्य वाचकाला या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व चटकन जाणवत नाही. पण आपल्यासारख्या दोन पत्रे घेणाऱ्या घरांना ती सर्वांत आधी जाणवावी. इंदूरचे हिंदी पत्र आणि मुंबईचे मराठी पत्र यांच्याकडे बाहेरच्या बातम्या येत त्या याच संस्थांच्या टेलिप्रिंटरवरून. पूर्वी एकीने वगळलेले दुसरीकडून मिळे. आता स्रोतच एक झाला. दोन भाषांत, दोन लिप्यांतल्या वळणांत, एकच मजकूर! घरात दोन पत्रे येत असूनही वाचायला खरे तर एकच उरले.

मग लोकांना बातम्या कळत होत्या कशा? एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीत तुर्कमान गेटपाशी घरे पाडण्यावरून गोळीबार झाला, तेव्हा भारतीय पत्रांनी जवळजवळ मौन पाळले. 'वॉशिंग्टन पोस्ट', लंडनचे 'टाइम्स', 'डेली टेलिग्राफ', 'न्यूजवीक' यांचे बातमीदार पहिल्याच उन्हाळ्यात देशाबाहेर काढण्यात आले होते. तरीही परदेशी पत्रांत छापून येत राहिले. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदिप्रत्यक्षीकरणाचा हक्क नाकारला आणि एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी विरोधी मत दिले. त्यांचा गौरव करणारा अग्रलेख दोनच दिवसांत 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आला. परंतु ती पत्रे आपल्या गावांत येणार कोठून? त्यामुळे रात्री ट्रान्झिस्टर कानाशी धरून बी.बी.सी.ची हिंदी वार्ता ऐकणे, हीच पुष्कळ घरांची खरी वर्तमानपत्रे झाली. आपल्याच देशात काय घडले हे सात समुद्रांपलीकडून ऐकावे लागे. विविध भारतीवरून एके दिवसापासून किशोरकुमारची गाणी ऐकू येईनाशी झाली. खांडव्याच्या या पोराने सरकारी कार्यक्रमाला सहकार्य नाकारले म्हणून ही शिक्षा, हेही कोणत्या पत्रात छापून आले नाही, पण कळले सर्वांना.

तोंडी बातमीचा एक दोष मात्र सांगितला पाहिजे. जेथे खरी बातमी छापत नाहीत तेथे अफवाही तितक्याच विश्वासाने ऐकल्या जातात. कुटुंबनियोजनाच्या सक्तीविषयी उत्तरेत जे प्रत्यक्ष घडले ते भयंकर होते. पण ते छापले गेले नाही, म्हणून जेथे घडले नव्हते तेथेही लोक दवाखान्यांना आणि लसटोचणीच्या पथकांना भिऊ लागले. सेन्सॉरने अफवा थांबवण्यासाठी बातम्या थांबवल्या, आणि अफवांना रान मोकळे करून दिले. राज्यकर्त्यांचेही नुकसान झाले ते यामुळेच: सर्व पत्रे जेव्हा तेच तेच छापतात, तेव्हा देशात काय चालले आहे ते दिल्लीलाही कळेनासे होते.

बडोद्याचे उदाहरण पुन्हा घ्यावेसे वाटते. मार्च १९७६ पासून 'बडोदा डायनामाइट' प्रकरणातील अटका सुरू झाल्या. जॉर्ज फर्नांडिस हे मुख्य आरोपी. पण त्यांच्याबरोबर के. विक्रम राव व किरीट भट हे दोन पत्रकारही तुरुंगात गेले. एक 'टाइम्स ऑफ इंडिया'चे, दुसरे 'इंडियन एक्स्प्रेस'चे. स्फोटकांचा मार्ग योग्य होता की नाही याविषयी तेव्हाही मतभेद होते, आजही आहेत. मुद्दा असा की या प्रकरणाची केवळ सरकारी बाजू देशभर छापली गेली. आरोपी काय म्हणतात, हे बडोद्यात राहणाऱ्यालाही आपल्या गावच्या पत्रातून समजू शकत नव्हते.

त्याआधी डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्या वेळचे केंद्रीय मंत्री. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. भर मंडपात दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सर्वांना उभे केले. सभामंडपातले शब्द छापण्याआधी सेन्सॉरच्या टेबलावरून जात नाहीत; ते हजारो माणसांच्या कानांतून थेट गावोगाव गेले. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली.

१८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुका जाहीर झाल्या आणि तपासणी सैल झाली. त्यानंतरचे दोन महिने वर्तमानपत्रांचा अभ्यास करणाऱ्याने जरूर पाहावेत. तीच माणसे, तीच यंत्रे, तेच खिळे. पण दर आठवड्याला पत्राचा आवाज थोडा थोडा चढत गेला. 'एक्स्प्रेस' आणि 'स्टेट्समन' एका दमात बोलू लागले. काहींनी जनता पक्षाच्या सभेला किती गर्दी होती ते आधी आतल्या पानावर, मग पहिल्या पानाच्या तळाशी, आणि मतदान जवळ आल्यावर मथळ्यात दिले. काहींना मात्र अखेरपर्यंत धीर झाला नाही.

२० मार्चच्या रात्री मतमोजणी चालू होती. रायबरेलीचा निकाल काय लागत आहे याची कुणकुण लागली होती, पण आकाशवाणी ते सांगायला तयार नव्हती. ज्या बहादूरशहा जफर मार्गावरची वीज एकवीस महिन्यांपूर्वी तोडली होती, त्याच रस्त्यावर हजारो माणसे जमली आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर लावलेल्या फळ्यांवर आकडे लिहिले जाण्याची वाट पाहत रात्रभर उभी राहिली. त्या रात्री तेथले दिवे चालू होते.